पंच कमिटीस खुलं पत्र: आमची शास्त्रवाचनं परत द्या

आदरणीय पाळकसाहेब, वडील मंडळी आणि पंच कमिटीचे सर्व सभासद यांस,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र नुसतं तुमच्या हातात देऊन भागलं असतं तर मी ते असं चारचौघांत मांडलं नसतं. रविवारची शास्त्रवाचनं परत सुरू करा असा कमिटीच्या नावे लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. उत्तर तोंडी मिळालं: "बघू." पुढं एका रविवारी उपासना सुटल्यावर चहाच्या टेबलापाशी एका जबाबदार माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, जमाना बदलला." जमाना बदललाय हे मला दिसतंय. त्यासाठीच तर हे लिहितोय. आपल्या मंडळीनं हे वाचावं, आणि जिल्ह्यातल्या इतर मंडळ्यांनीही वाचावं, कारण थोड्याफार फरकानं हेच सगळीकडं चाललंय असं पाहुण्यारावळ्यांकडून कानावर येतं. आपल्या मंडळीचं नाव मात्र मी लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना नावाची गरज नाही.

ज्यांना उपासनेचा क्रम बदलणारा कमिटीचा ठराव माहीत नाही त्यांच्यासाठी आधी तो सांगतो. चर्चच्या दुरुस्तीचं काम पुरं झालं. छताची गळती थांबली, भिंतींना रंग लागला, पुलपिटच्या शेजारी मोठा एलईडी पडदा बसला. हे सगळं चांगलं झालं, त्यात माझीही वर्गणी आहे. पण त्याबरोबर उपासनेचा "नवीन क्रम" आला. पूर्वी दर रविवारी तीन वाचनं व्हायची: जुन्या करारातला एक उतारा, एक स्तोत्र पाळकांनी आणि मंडळीनं आळीपाळीनं, आणि नव्या करारातला एक उतारा. आता पडद्यावर एक वचन येतं, त्याच्या मागं सूर्योदयाचं नाहीतर धबधब्याचं चित्र असतं, सगळे मिळून ते म्हणतो आणि वीस सेकंदांत शास्त्रवाचन आटोपतं. बुधवारचा शास्त्राभ्यास "उपस्थिती कमी" म्हणून बंद केला आणि त्या वेळेला हॉल गायनसंघाच्या सरावाला दिला. बाकांवरची पवित्र शास्त्रं रंगकामाच्या वेळी पोत्यांत भरून मागच्या खोलीत ठेवली होती. रंग कधीच वाळला, पोती अजून तिथंच आहेत. वरच्या पोत्याला ओल लागलीय, मी हात घालून बघितलंय.

मी कोण आणि मला एवढं का लागलं, तेही सांगतो. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, हाताखाली दोन पोरं. शिक्षण आयटीआयचं. धर्मशास्त्राची पदवी वगैरे काही नाही. पण तरुण संघात होतो तेव्हापासून या चर्चमध्ये शास्त्रवाचन करत आलो. शनिवारी जेवणं झाली की दुसऱ्या दिवशीचा उतारा मोठ्यानं वाचून बघायचा, हा आमच्या घरातला नेम. बायको भांडी आवरता आवरता ऐकायची आणि "नावं पळवू नका, नीट म्हणा" असं दटावायची. आता कुणी म्हणेल, याचा मान गेला म्हणून हा चिडलाय. म्हणू दे. मला परत कधीच वाचायला उभं करू नका, दुसऱ्या कुणालाही करा, पण वाचा.

तिसऱ्या बाकावर खिडकीकडच्या बाजूला एक आजी बसतात. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत, उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या रानात भांगलणीला गेली. अक्षर ओळखता येत नाही. पण रविवारमागून रविवार ऐकून शास्त्रातलं इतकं त्यांच्या तोंडी बसलंय की वाचणारा जरा घसरला तर त्यांना पहिलं कळतं. एकदा रूथचा पहिला अध्याय चालू होता. वाचायला उभ्या राहिलेल्या पोराची एक ओळ सुटली. सगळं गमावून नामी बेथलेहेमात परत येते आणि बायकांना सांगते की मला आता या नावानं हाक मारू नका, तीच नेमकी. आजी जागेवरूनच म्हणाल्या, "बाळा, तिचं रडणं राहिलं बघ." पोरगं मागं गेलं आणि ती ओळ वाचून पुढं आलं. सगळी मंडळी हसली.

नव्या क्रमाच्या पहिल्या रविवारी पडदा उजळला तेव्हा याच आजींनी शेजारच्या मुलीला विचारलं, "काय लिवलंय गं?" मुलगी सांगायला वाकेपर्यंत गिटार सुरू झालं होतं.

विश्वास ऐकण्यानं होतो असं पौलानं रोमकरांस लिहिलंय. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, ज्यांच्या घरी संध्याकाळी टीव्हीपुढं कुणाला उसंत नसते, त्यांना अख्ख्या आठवड्यात शास्त्र कानावर पडण्याची ती एकच वेळ होती. ती तुम्ही काढून घेतलीत, आणि ठरावात त्याला "उपासना सुटसुटीत करणे" असं म्हटलंय.

जरा मागं जाऊ. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांनी इथं शाळा काढल्या, कारण माणसाच्या हातात पुस्तक द्यायचं तर आधी त्याला वाचता आलं पाहिजे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आपल्यापैकी बऱ्याच घरांत पणजोबा-पणजी जे पहिलं पुस्तक वाचायला शिकले ते हेच. गावकुसाबाहेरच्या माणसाला अक्षर शिकू न देणाऱ्या जगात कुणीतरी त्याच्यापुढं शुभवर्तमान उघडून धरलं आणि म्हणालं, तूच वाच. मराठीत नवा करार १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापून झाला, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं झाली. आज आपल्या मंडळीत इंजिनिअर आहेत, प्राध्यापक आहेत, नर्सिंगच्या पदव्या घेतलेल्या मुली आहेत. आणि याच पिढीत आपण ठरवतोय की तीन उतारे ऐकणं जड जातं.

आता त्या एका वचनाबद्दल. पडद्यावर दुसऱ्याच रविवारी यिर्मया २९:११ आलं, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते पुढच्या सुस्थितीची आशा देणारे आहेत. मलाही हे वचन प्रिय आहे. लग्नपत्रिकेवर असतं, की-चेनवर असतं, नव्या फ्लॅटच्या दारावर असतं. पण हे लिहिलंय कुणाला? यरुशलेमेहून धरून बाबेलला नेलेल्या माणसांना यिर्मयानं पाठवलेलं हे पत्र आहे. बरोबर आधीच्या वचनात लिहिलंय की बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर देव त्यांना परत आणील. सत्तर! म्हणजे ते पत्र ज्यांनी ऐकलं त्यातले बहुतेक जण परक्या मुलखातच मातीआड होणार होते. खोटे संदेष्टे त्यांना लवकर सुटका होईल असं सांगत होते, आणि यिर्मया म्हणत होता की घरं बांधा, बागा लावा, पोरंबाळं वाढवा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं गाळून नुसतं अकरावं वचन धबधब्यावर टाकलं की त्याचा अर्थ होतो: या वर्षी आपलं काम होणार. खोटे संदेष्टे तरी दुसरं काय सांगत होते?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली तेव्हा आपल्या हॉलमध्ये पूरग्रस्त कुटुंबं राहिली होती. महिला मंडळानं मोठ्या पातेल्यांत आमटी-भात केला, तरुण संघानं पाण्याचे कॅन वाहिले. कोण कुठल्या धर्माचं, कुणी विचारलं नाही. पाणी उतरल्यानंतरच्या रविवारी यिर्मयाचा हाच अध्याय पहिल्यापासून वाचला गेला होता. नगराच्या हितासाठी झटा हे ऐकताना मागच्या बाकांवर चार-दोन बायका पदर डोळ्याला लावत होत्या. त्यांची घरं अजून चिखलात होती. त्या दिवशी अकरावं वचनही वाचलं गेलं, पण आधीची दहा ऐकून झाल्यावर.

फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तेच. दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रत्येकाच्या स्टेटसवर: ख्रिस्ताच्या सामर्थ्यानं मी सर्व काही करू शकतो. आधीचं वचन मात्र कुणी लावत नाही. पौल तुरुंगात आहे, आणि भरल्या पोटी कसं राहायचं, उपाशी कसं राहायचं, दोन्ही आपण शिकलोय असं तो सांगतोय. नापास झालेल्या पोराला या अध्यायाची जास्त गरज आहे, आणि त्याच्यापर्यंत आपण तो पोहोचूच देत नाही.

माझ्याकडं गिऱ्हाईक ड्रॉइंग घेऊन येतं. कुणी फोनवर त्यातलं एकच माप सांगितलं, बोअरचा व्यास अमुक, करा जॉब, तर मी मशीनला हात लावत नाही. लांबी किती, आटे कुठं, कुठल्या पार्टला बसणार हे अख्ख्या कागदावर बघितल्याशिवाय केलेला जॉब भंगारात जातो, मग ते एक माप कितीही बरोबर असो. पडद्यावरची वचनं मला अशी फोनवर सांगितलेल्या मापासारखी वाटतात.

आता बुधवारच्या शास्त्राभ्यासाबद्दल, कारण माझी खरी तक्रार तिथं आहे.

आठ-दहा माणसं यायची, हे खरं. पावसात त्याहून कमी. तिथं काय चालायचं हे बघायला कमिटीपैकी फारसं कुणी आलं नाही, म्हणून एका बुधवारचं सांगतो. नहेम्याचं पुस्तक चालू होतं, पाचवा अध्याय. यरुशलेमेचा कोट बांधायचं काम जोरात आहे आणि लोक रडतायत. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली. राजाचा कर भरायला कर्ज काढलं. मुली दासी झाल्या. आणि सावकार परका नाही, आपलाच भाऊबंद. नहेम्या चिडतो, मोठ्या मोठ्या लोकांना भर सभेत जाब विचारतो आणि सांगतो की आजच्या आज त्यांची शेतं परत करा, आणि पैशावर, धान्यावर, द्राक्षारसावर, तेलावर शेकडा एक घेता तोही परत द्या.

एवढ्यात कधी तोंड न उघडणाऱ्या एक भगिनी म्हणाल्या, "शेकडा एकच? आमच्या गल्लीत महिन्याला शेकडा पाच चालतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी एका गटाचं कर्ज घेतलं, त्याचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं, आणि दोन्हीचे हप्ते थकले तेव्हा सावकाराचं. मंगळसूत्र तारण पडलेलं. हप्तेवाला सकाळी सातला दारात येऊन बसतो म्हणून त्या पहाटेच घराबाहेर पडायच्या. दर रविवारी आपल्याबरोबर गाणी म्हणणारी, प्रभुभोजन घेणारी ही बाई. आणि हे कुणालाही ठाऊक नव्हतं. विचारणारं कुणी नव्हतं म्हणून नव्हे, सांगायला जागा नव्हती. ती जागा पाचव्या अध्यायानं करून दिली. आमच्यात एक निवृत्त बँक कारकून आहेत. त्यांनी तिथंच वहीच्या मागच्या पानावर तिन्ही कर्जं मांडली, कुठलं आधी फेडायचं ते ठरवून दिलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर जाऊन बोलणीही केली. आजच्या जगात या जुन्या पुस्तकाचा काय उपयोग असं वर्कशॉपमधली पोरं मला विचारतात. मी त्यांना हा बुधवार सांगतो.

त्या संध्याकाळी हा अध्याय काही जणांना झोंबलाही. मंडळीत व्याजाला पैसे लावणारे कोण आहेत हे काही गुपित नाही. बुधवार बंद होण्याशी त्याचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण शास्त्र सलग वाचलं की त्यात आपल्याला नको असलेलं पानही येतंच, आणि एकेक वचन निवडून घेतलं की ते पान कधीच येत नाही, एवढं नमूद करतो.

दुसरी गोष्ट पोरांच्या प्रश्नांची. इंजिनिअरिंगला असलेला आपल्यातलाच एक मुलगा बुधवारी यायचा. त्यानं विचारलं, यहोशवाच्या पुस्तकात नगरंच्या नगरं बायकापोरांसकट कापून काढली, हे देवानं सांगितलं असं मी मानायचं का? आम्ही त्याला गप्प केलं नाही. दोन बुधवार त्यावरच बसलो. कुणी म्हणालं, त्या काळातली युद्धाची वर्णनं अशीच फुगवून लिहीत; कुणी म्हणालं, ख्रिस्तानं शत्रूवर प्रीती करा म्हटलं त्या उजेडात मागचं सगळं वाचायचं; एका काकूंनी सरळ सांगितलं, मला ते पटत नाही आणि मी देवाला तसं सांगते. पक्कं उत्तर निघालं नाही. तरी पोरगं पुढच्या बुधवारी परत आलं. हाच प्रश्न आता त्यानं कुठं विचारायचा? यूट्यूबवर विचारला तर एकीकडं बायबलची टर उडवणारे आहेत आणि दुसरीकडं वचन टाइप करा, आजच चमत्कार होईल, असं सांगून दानाचा क्यूआर कोड दाखवणारे. दोघांनाही त्याच्या प्रश्नाशी देणंघेणं नाही.

पंडिता रमाबाईंचा फोटो आपल्या हॉलमध्ये लावलेला आहे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही या बाई तिथल्या आपल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत होत्या, त्रैक्यावर, चमत्कारांवर, चर्चच्या अधिकारावर. मोठ्यांनी सांगितलं म्हणून मान्य, हे त्यांना कधी जमलं नाही. आणि याच बाईंनी उतारवयात केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या त्या हे काम हातावेगळं करूनच. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापलं गेलं, आणि तिथं काम करणाऱ्याही बायकाच होत्या. त्या फोटोखाली आता ड्रमसेट ठेवलाय. ड्रमसेटबद्दल माझी तक्रार नाही, पोरं छान वाजवतात. फक्त बुधवारी तिथं एक टेबल आणि दहा खुर्च्याही बसतील.

तुमची कारणं मी ऐकलीत, आणि ती अगदीच पोकळ नाहीत. उपासना दोन तासांवर जाते म्हणता. जाते. पण तीन वाचनांना मिळून दहा-बारा मिनिटं लागतात. सूचना किती वेळ चालतात ते एकदा घड्याळ लावून बघा: वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, आभारदानाची यादी, कुणाच्या नातवाला बंगळुरात नोकरी लागली. मला त्या नातवाचा आनंदच आहे. पण योनाचं अख्खं पुस्तक अठ्ठेचाळीस वचनांचं आहे, ते त्याहून कमी वेळात वाचून होतं, आणि पोरांना ते सूचनांपेक्षा नक्की जास्त आवडेल.

तरुणांना कंटाळा येतो म्हणता. वाईट वाचलं तर मलाही येतो. पाच मिनिटं आधी कुणाच्या तरी हातात चिठ्ठी देऊन "जरा वाचा" म्हटलं की तो माणूस अडखळणारच. वाचणाऱ्यांना शिकवा. कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, कुठं थांबायचं, हे कळून वाचलं की नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याच्या पापाचा जाब विचारतो तो प्रसंग ऐकताना पाचवीतली पोरंही चुळबुळ थांबवतात.

सगळ्यांच्या फोनमध्ये शास्त्र आहे म्हणता. माझ्याही आहे. वर्कशॉपला जाता-येता मी ते ऐकतो, आणि ज्या कुणी मराठीत ध्वनिमुद्रण करून ठेवलंय त्यांचे उपकार मानतो. पण उपासनेत माझ्यापुढच्या बाकावर शास्त्रासाठी उघडलेल्या फोनवर गेल्या महिन्यात भारताच्या किती विकेट पडल्या ते मला पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे प्रवचन, चालू असताना कळलं.

पडद्याच्या चौकटीखाली "सप्रेम भेट" म्हणून देणगीदारांची नावं कोरलीत. पंख्यांच्या पात्यांवर असायची, आता पडद्याखाली आली. आपली जुनी सवय. याकोबानं आपल्या पत्रात सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढची चांगली जागा देण्याबद्दल काय लिहिलंय ते दुसऱ्या अध्यायात आहे. तो उतारा पडद्यावर आलेला मी अजून पाहिला नाही.

आपल्या आजूबाजूला बघा. आमच्या गल्लीत दरवर्षी ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. मांडव पडतो, सात दिवस माणसं सकाळी अंघोळ करून मांडी घालून वाचायला बसतात, त्यात रिक्षावाले आहेत, भाजीवाल्या मावशी आहेत, बँकेतून रजा काढून आलेले आहेत. कुणी म्हणत नाही की एक ओवी पडद्यावर टाका, आम्ही निघतो. त्यांनी मला कधी विचारलं की तुमच्या पुस्तकात काय आहे हो, तर उत्तर देता येईल अशी किती पोरं आपण तयार करतोय?

दुसऱ्या राजांच्या पुस्तकात बावीसाव्या अध्यायात एक दुरुस्तीचं काम आहे. योशीया राजाच्या काळात मंदिराची डागडुजी चालू होती. लोकांनी दिलेला पैसा सुतार-गवंड्यांना वाटला जात होता, आणि त्याच सुमारास हिल्कीया याजकाला मंदिरात नियमशास्त्राचं पुस्तक सापडलं. इतकी वर्षं ते तिथंच होतं आणि कुणी उघडलं नव्हतं. शाफान चिटणिसानं ते राजाला वाचून दाखवलं, राजानं ऐकलं आणि आपली वस्त्रं फाडली. मग त्याचा अर्थ विचारायला मोठमोठी माणसं गेली ती हुल्दा नावाच्या एका बाईकडं. दुरुस्तीत त्यांना पुस्तक सापडलं. आपल्या दुरुस्तीत ते पोत्यात गेलं.

माझ्या मागण्या अशा.

रविवारची तिन्ही वाचनं परत सुरू करा, आणि उतारे सलग घ्या, म्हणजे या रविवारी जिथं थांबलो त्याच्या पुढून पुढच्या रविवारी. पडदा काढा असं मी म्हणत नाही; वाचणाऱ्याबरोबर अख्खा उतारा मोठ्या अक्षरांत पडद्यावर येऊ दे, ज्यांना दिसतं ते बघतील. वाचायला बायका, तरुण पोरंपोरी, सगळ्यांना आळीपाळीनं उभं करा आणि नावं महिनाभर आधी सूचना फलकावर लावा.

बुधवारचा शास्त्राभ्यास हॉलमध्ये पूर्ववत सुरू करा. गायनसंघाला मंगळवार किंवा शुक्रवार द्या, त्यांच्याशी मी बोललोय, त्यांची हरकत नाही. पाळकसाहेब आले तर आनंदच, पण ते नसले तरी वर्ग चालू राहावा, आणि तिथं विचारलेल्या प्रश्नाबद्दल कुणाला बाहेर टोकलं जाऊ नये.

पोती उघडा. जी शास्त्रं चांगली आहेत ती बाकांवर ठेवा, ज्यांना ओल लागलीय त्यांच्या जागी नवीन मोठ्या टाइपातली आणा. त्याचा खर्च एलईडीच्या खर्चापुढं काहीच नाही, आणि कमिटीला तोही जड वाटत असेल तर आम्ही आठ-दहा जण वर्गणी काढू. नाव कोरायची गरज नाही.

आणि हा "नवीन क्रम" येत्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर घ्या. उपासनेचा क्रम बदलताना मंडळीला विचारलं नाही ही माझी सगळ्यात साधी तक्रार आहे. सभेनं बहुमतानं नवा क्रम मान्य केला तर मी तो निर्णय पाळीन, मंडळी सोडून कुठं जाणार नाही, आणि चहाच्या टेबलापाशी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण चर्चा होऊ दे, इतिवृत्तात नोंद होऊ दे.

सभेपर्यंत बुधवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही माझ्या वर्कशॉपमध्येच बसतोय. मशीनं बंद करून, सतरंजी टाकून. ही वेगळी मंडळी नाही, हॉल मिळेपर्यंतची सोय आहे, असं पाळकसाहेबांना मी स्वतः भेटून सांगितलंय. पंच कमिटीतल्या कुणालाही यायचं असेल तर अवश्य या. नहेम्याचा सहावा अध्याय चालू आहे. येताना शास्त्र आणा, आमच्याकडं सध्या पुरेशी नाहीत.

आपला,
मंडळीतला एक शास्त्रवाचक
कोल्हापूर